इल्कलीचा रविवार

"दादा, तू हेडिंग्लीची टेस्ट बघायला आलायस ना? मग मध्येच हे टेनिस कुठून निघालं?"

मामेबहीण लीड्सला असते. टेस्ट 20 जूनला सुरू होणार होती आणि मी सुट्टी साठवून पंधरा दिवस आधीच तिच्याकडे जाऊन धडकलो होतो. 8 जूनच्या रविवारी सकाळी मी तिला म्हटलं, आज इल्कलीला जाऊ, तिथल्या टेनिस स्पर्धेची पात्रता फेरी आहे. कोण खेळतंय, या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर होतं: माहीत नाही, म्हणूनच जायचंय.

तिला सांगितलं ते इथेही सांगतो. 2019च्या डिसेंबरात पुण्यात महिलांची 25 हजार डॉलरची एक स्पर्धा झाली. तेव्हा मी पुण्यातच होतो. रविवारी बघू, असं स्वतःला बजावलं आणि रविवारी मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो. ती स्पर्धा जिंकली 17 वर्षांच्या एमा रादुकानूने. पावणेदोन वर्षांनी याच पोरीने अमेरिकन ओपनमध्ये पात्रता फेरीपासून सुरुवात करून ओळीने दहा सामने जिंकले, तेही एकही सेट न गमावता. मी रात्री टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवत होतो आणि बायको विचारत होती, "ही आपल्याकडे आली होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?" मिसळ चांगली होती, एवढंच सांगू शकलो.

लीड्सहून इल्कली लोकलने अर्ध्या तासावर. गाइझली, मेन्स्टन, बर्ली, मग बेन रिडिंग, आणि तिथून पुढचं स्टेशन इल्कली. रूळ तिथेच संपतात. उतरल्यावर ब्रूक स्ट्रीटने उताराला लागायचं, व्हार्फ नदीवरचा पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या काठाने चालत राहायचं. मागे वळलं की गावाच्या डोक्यावर इल्कलीचा माळ दिसतो. लांबच लांब, करडा-हिरवा, आणि त्याच्या कडेला 'गाय-वासरू' नावाचे दोन खडक. वासरू ओळखू येतं. गाय मला काही सापडली नाही. बहीण म्हणते, इथल्या लोकांनाही ती पटवूनच द्यावी लागते.

क्लबात पोचलो आणि पहिला धक्का बसला तो अंतराचा. बालेवाडीत महाराष्ट्र ओपन होत असे तेव्हा मी वरच्या रांगेत बसून खेळाडूंना त्यांच्या शर्टाच्या रंगावरून ओळखायचो. इथे मुख्य कोर्ट सोडलं तर बाकीच्या कोर्टांना कडेने खुर्च्या मांडलेल्या, आणि माझी खुर्ची बेसलाइनपासून फार तर चार पावलांवर. पोराने टॉवेलला हात पुसला की त्याच्या नखातली माती दिसत होती.

दुसरा धक्का आवाजाचा, म्हणजे आवाज नसण्याचा. हार्ड कोर्टवर बुटांचा चीं-चीं आणि चेंडूचा खणखणीत ठोका कानात बसलेला असतो. गवतावर चेंडू टप्पा घेतो तो जवळजवळ मुकाटपणे. ऐकू येतो तो फक्त रॅकेटचा आणि श्वासाचा आवाज.

शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा होते, क्लबचे जुने सभासद. मांडीवर थर्मास, डोक्यावर कापडी टोपी. मी चेंडूमागे मान हलवतोय हे पाहून म्हणाले, "चेंडू नका बघू. पाय बघा." मग पायच बघत बसलो. आमच्या समोरचा पोरगा असेल अठरा-एकोणीस वर्षांचा, यॉर्कशरचाच, वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेल्या प्रवेशावर आलेला. नाव लिहीत नाही. पलीकडे तिशी ओलांडलेला एक परदेशी खेळाडू, कपाळावर पट्टी, चेहऱ्यावर काहीच नाही. पोरगा पळायचा तो लांब ढांगा टाकत, आणि वळताना घसरायचा. परदेशी मात्र बारीक बारीक पावलं टाकत, गुडघे वाकवून, ओल्या शेणाने सारवलेल्या अंगणात चालावं तसा चालायचा. त्याचा स्लाइस, म्हणजे कापून मारलेला फटका, टप्प्यानंतर उठायचाच नाही. नडगीच्या उंचीवरून सरपटत जायचा, आणि पोराला प्रत्येक वेळी कमरेतून मोडून खाली जावं लागायचं.

आजोबांचं म्हणणं, गवत शिकायला वेळच मिळत नाही कुणाला. खरंच आहे. फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन यांच्यात पूर्वी दोनच आठवडे असत, 2015पासून तीन झाले. विम्बल्डन धरून वर्षातला जेमतेम सव्वा महिना काय तो हिरवळीचा. त्यात पहिल्या दिवशीचं गवत रसरशीत आणि निसरडं, शेवटच्या दिवशी बेसलाइनपाशी नुसती तपकिरी माती. म्हणजे एकाच आठवड्यात कोर्टसुद्धा दोन. विम्बल्डनला हे गवत 8 मिलिमीटरवर कापतात. आमच्या सोसायटीचा माळी हे ऐकून हसेल. त्याच्या लेखी तेवढं गवत म्हणजे टक्कल.

पण याच महिन्यात नशीब फिरू शकतं, म्हणून तर सगळे येतात. जेकब फर्नलीचं उदाहरण इथे जो तो देतो. 2024च्या जूनमध्ये हा एडिनबराचा मुलगा क्रमवारीत पाचशेच्या पलीकडे होता, अमेरिकेतल्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. नॉटिंगहॅमची चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरच्या खालच्या पातळीवरची स्पर्धा जिंकला, विम्बल्डनचं वाइल्ड कार्ड मिळालं, आणि दुसऱ्या फेरीत त्याने जोकोविचकडून एक सेट काढून घेतला. वर्ष पुरं व्हायच्या आत पहिल्या शंभरात. विम्बल्डनच्या मुख्य फेरीत नुसतं पाऊल टाकून पहिल्याच सामन्यात हरलात तरी 2025 साली 66 हजार पौंड होते. चॅलेंजर पातळीवर हॉटेलची बिलं मोजत फिरणाऱ्याला त्या रकमेत अख्खं वर्ष काढता येतं.

इथे मला थोडा हेवा वाटला, लपवत नाही. यांच्या पोरांना घराजवळ गवत आहे, संघटनेच्या हातात वाइल्ड कार्डं आहेत. आपल्याकडचा पोरगा इथे यायचा तर व्हिसापासून सुरुवात. पण लगेच गाडीतळावर उभी असलेली एक जुनी व्हॅन दिसली आणि बिली हॅरिस आठवला. हा ब्रिटिशच. तीन वर्षं एका ट्रान्झिट व्हॅनमध्ये झोपून, तिथेच रांधून युरोपभर स्पर्धा खेळत फिरला, आणि 2024मध्ये तिशीच्या उंबरठ्यावर लंडनच्या क्वीन्स स्पर्धेची उपउपांत्य फेरी गाठली. घराजवळचं गवत सगळ्यांनाच पुरत नाही.

दुपारी सरी आल्या. पंच खुर्चीवरून उतरल्या, बेसलाइनजवळ वाकून तळवा गवतावर ठेवला आणि मान हलवली. मिनिटाभरात आच्छादन ओढून झालं. सगळे क्लबच्या इमारतीत. आत टीव्हीवर पॅरिसचा, म्हणजे फ्रेंच ओपनचा अंतिम सामना चालू होता, अल्काराझ आणि सिनर. त्याच स्पर्धेत आदल्या दिवशी मुलींच्या अंतिम फेरीत 16 वर्षांची हॅना क्लुगमन हरली होती, आणि बारपाशी चर्चा तिचीच जास्त. जवळजवळ पन्नास वर्षांत कुणी ब्रिटिश मुलगी तिथवर गेली नव्हती. "हरली" असं कुणी म्हणत नव्हतं, "फायनल खेळली" म्हणत होते. आमचा पोरगाही दाराशी उभा राहून सँडविच खात सिनर बघत होता, तोंड अर्धवट उघडं. त्याचा प्रतिस्पर्धी कोपऱ्यात भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता. सिनर दोन सेटनी पुढे होता, आणि तेव्हा मला कल्पनाही नव्हती, हा सामना कुठे जाणार ते.

बहीण भिंतीवरचे फोटो बघत हिंडली. तिला मी सांगितलं, 2017मध्ये आपला लिअँडर पेस इथलं दुहेरी जिंकून गेलाय, 44व्या वर्षी, कॅनडाच्या अदिल शमसदिनबरोबर. अंतिम सामन्यात समोर ब्रायडन क्लाइन आणि जो सॅलिसबरी ही ब्रिटिश जोडी होती. सॅलिसबरी पुढे दुहेरीत जगात पहिला झाला. "म्हणजे पेसने त्याला धडा दिला?" बहीण. असेलही. पण मला त्या निकालात जास्त आवडतं ते हे, की दुहेरीतल्या आठ ग्रँड स्लॅमांचा धनी गावाकडच्या या कोर्टावर येऊन दहा-आठच्या टायब्रेकपर्यंत झुंजला. कमी लेखलं नाही.

खेळ पुन्हा सुरू व्हायला पाच वाजून गेले. तिसरा सेट. पोरगा आता पाय आखूड टाकायला लागला होता. आजोबांनी मला कोपराने ढोसलं. 4-4, 5-5. दोनदा नेटवर धावून जाऊन त्याने अशा व्हॉली मारल्या की परदेशी पहिल्यांदाच हसला. मग 5-6, पोराची सर्व्हिस, 30-40. सामना वाचवायचा गुण. पहिली सर्व्हिस नेटमध्ये. दुसरीसाठी चेंडू वर उडाला आणि त्याच क्षणी क्लबच्या इमारतीतून प्रचंड आरोळी उठली. पॅरिसमध्ये अल्काराझने मॅच पॉइंट वाचवला होता. पोराने चेंडू हातात झेलला, कसनुसं हसला, पुन्हा टप्पे टाकले. सर्व्हिस रेषेच्या वीतभर बाहेर.

"अरेरे!" माझ्या तोंडून मोठ्यांदा गेलं.

चार पावलांवर होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. भाषा कळली नसेल, अर्थ कळला असावा. मान किंचित हलवली आणि हात मिळवायला नेटकडे गेला. आजोबांनी थर्मासचं झाकण लावलं आणि म्हणाले, "दुसरी सर्व्हिस होती ती. टॉस वर गेला की कान बंद करायला शिकावं लागतं."

पॅरिसचा सामना तिकडे 5 तास 29 मिनिटं चालला. त्याचा शेवट आम्ही स्टेशनवरच्या बाकावर बसून बहिणीच्या फोनवर बघितला. त्याआधी बेटीज या चहाघरात फॅट रास्कल नावाचा गोड पदार्थ खायचं तिने ठरवलं होतं, ते अर्थात राहिलं, आणि त्याचे टोमणे मी अजून ऐकतोय.

गाडीत चढलो तर समोरच्या सीटवर तो पोरगा. शेजारच्या जागेवर रॅकेटची पिशवी; आम्हाला बघून त्याने ती उचलून पायाशी घेतली. गवतावरच्या बुटांच्या तळाला बारीक बारीक गोळ्या असतात, तो बूट मांडीवर उलटा धरून घराच्या किल्लीने त्यांच्यातलं गवत उकरत होता. खाली कागद पसरलेला. आईने शिकवलं असणार.

बहिणीने विचारलं, आता पुढे? तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणखी एक पात्रता फेरी. मग म्हणाला, तुम्ही शेवटी ओरडलात ते काय होतं? मी शब्द सांगितला. त्याने दोनदा म्हणून पाहिला, 'र' त्याला जमेना. मग बूट सरळ केला, दुसरा घेतला.

गाइझलीला उतरला. फलाटावर एक बाई उभी होती. तिने काही न विचारता पिशवीचा एक पट्टा धरला, दुसरा त्याने, आणि दोघं जिन्याकडे गेली. कागद त्याने गुंडाळून बरोबर नेला होता, पण सीटखाली चार काड्या राहिल्याच होत्या.

तीन आठवड्यांनी, पुण्यात परत आल्यावर, ऑलिव्हर टार्वेट नावाचा 733व्या क्रमांकावरचा ब्रिटिश कॉलेजकुमार पात्रता फेरीतून विम्बल्डनमध्ये शिरला आणि सेंटर कोर्टवर अल्काराझशी खेळला. बहिणीचा मेसेज आला, "हाच का रे तो?"

नव्हता. आपल्या पोराचं नाव माझ्या वहीत आहे.