औषधाआधी ताट बघा

नर्सिंग शिकताना फार्मकॉलॉजीची, म्हणजे औषधशास्त्राची, आम्हाला धास्ती होती ती नावांमुळे. डायजॉक्सिन, डायझेपाम, डायक्लोफिनॅक, पाठ करता करता सगळी एकमेकांत मिसळायची. ट्यूटर मॅडमना नावांची घाई नव्हती. ‘हे द्यायच्या आधी काय बघशील?’ हा त्यांचा प्रश्न. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे आम्ही पाढ्यासारखं घडाघडा म्हणायचो, त्याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. (हल्लीच्या पुस्तकांत हे ‘योग्य’ दहावर गेलेत म्हणे. पाच नीट पाळले तरी खूप.)

वॉर्डात ‘तुम्ही सावंतच ना?’ असं विचारलेलं त्यांना खपत नसे. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. पूर्ण नाव त्याच्याच तोंडून येऊ द्यायचं आणि केसपेपरशी ताडून बघायचं. मुंबईच्या वॉर्डात एका रांगेत दोन सावंत निघणं काही नवलाचं नाही.

फीमेल मेडिकल वॉर्डात मालवणकडच्या एक आजी होत्या. हृदयाचा त्रास, डायजॉक्सिन (हृदयाची गोळी) आणि लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) चालू. मी सकाळची ट्रॉली घेऊन गेले, मॅडम मागोमाग. त्यांनी गोळीकडे पाहिलंच नाही, लॉकरवरच्या ताटाकडे पाहिलं. नाश्ता तसाच पडलेला. ‘आजी, रात्री तरी जेवलात का?’ ‘नको वाटता गो. मळमळता.’ मॅडमनी मला स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजायला लावले. ५२ भरले. मोठ्या माणसात ६०च्या खाली आले की डायजॉक्सिनची गोळी थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. रेसिडेंट डॉक्टर आले, ईसीजी निघाला, पोटॅशियमसाठी रक्त गेलं.

नंतर ड्युटी रूममध्ये मॅडमनी सगळं उलगडून सांगितलं. लॅसिक्सने लघवीवाटे पोटॅशियम जातं, ते उतरलं की डायजॉक्सिन हृदयाला जास्त बाधतं, आणि जेवण नकोसं होणं ही त्याची सुरुवातीची खूण. डायजॉक्सिन फॉक्सग्लव्ह या फुलझाडाच्या कुळातल्या झाडापासून मिळतं. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये फॉक्सग्लव्हवर लिहिलं, तेव्हाच त्याने मळमळ आणि पिवळं-हिरवं दिसणं नोंदवलं होतं. परीक्षेत हे कधीच आलं नाही. माझ्या डोक्यात मात्र नेमकं तेच बसलंय.

आता डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना इन्सुलिन शिकवायचं काम माझ्याकडे असतं. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या (एका मिलीत ४० युनिट) बाटलीसाठी, केशरी टोपणाची १००च्या. बाटली १००ची आणि सिरिंज लाल टोपणाची असली, तर २०च्या खुणेपर्यंत भरल्यावर अंगात २० नाही, ५० युनिट जातात. साखर धाडकन उतरते. केमिस्टच्या गर्दीत हे कोण समजावणार? म्हणून मी बाटली त्यांच्याच हातात देते आणि लेबल मोठ्याने वाचायला लावते.

मॅडमकडे बिस्किटांच्या डब्यात रिकाम्या अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या कुप्या, असत. पोटॅशियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही १० मिलीच्या, हातभर अंतरावरून अगदी सारख्या. त्यातली पहिली सलाइनमध्ये मिसळून सावकाशच द्यायची. थेट शिरेत ढकलली तर हृदय थांबू शकतं. आता बऱ्याच ठिकाणी ती वेगळी, कुलपात ठेवतात, ते बरं झालं. पण कंपनी बदलली की वेष्टन बदलतं आणि सारख्या दिसणाऱ्या नव्या जोड्या तयार होतात. मी वॉर्डातल्या अशा बऱ्याच जमवल्या आहेत. आपण नर्सिंग शिकलो तिथल्या डेमॉन्स्ट्रेशन रूमला (सरावाच्या खोलीला) हव्या असतील तर कळवा, तिथल्या समारंभाला येताना घेऊन येईन. डबा मात्र तुमचा.