आमची वाटचाल: पाचटाच्या धुराचं मोजमाप

कारखान्यांचं गळीत सुरू झालं की आमचाही हंगाम सुरू होतो. ऊसतोड होऊन गेलेल्या फडात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटवलं जातं. त्या धुरात बारीक कण किती, हे मोजणारी यंत्रं आम्ही बसवतो, तपासतो आणि दुरुस्त करतो. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. माणसं मोजकी, पण हाताला पक्की.

सुरुवात झाली ती साखर कारखान्यांच्या कामाने. बॉयलरचे प्रेशर गेज, तापमापक यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर दाखवतात का याची तपासणी, करायचो. त्याच ओघात चिमणीतल्या धुळीची तपासणी आली. चिमणीला नियम लागू असतात, नमुना कुठून घ्यायचा तेही ठरलेलं असतं. पण चिमणीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहिलं की चारी बाजूंच्या रानातून उठणारे धुराचे लोट दिसायचे. त्यांची नोंद कुठेच होत नव्हती. हे काम आपण करायचं, हे तिथेच मनात पक्कं झालं.

पहिली काही वर्षं पैशाची ओढाताण झाली, बिलं अडकली. 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्याच्या शहरांच्या यादीत सोलापूर होतं, आणि हवेच्या आकड्यांबद्दल लोक विचारू लागले. त्याच सुमारास, 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर परिसरात ढगांवरचे प्रयोग केले. हवेतल्या कणांवर पावसाचा थेंब कसा धरतो, हा विषय त्या निमित्ताने इथल्या मुलांपर्यंत पोचला. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना त्याचा फार उपयोग झाला.

आता मुख्य काम. पाचट जळताना काळी पाती उडून अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. लोकांची तक्रार तिचीच असते. पण ती इतकी मोठी असते की फुप्फुसात खोल जातच नाही. धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि छातीत खोल जातात ते हेच. म्हणून आम्ही पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, धरून मोजतो. त्याची 24 तासांची राष्ट्रीय मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे.

सगळ्यात भरवशाची पद्धत आजही फिल्टरचीच. 47 मिलिमीटरचा टेफ्लॉनचा फिल्टर, त्यातून मिनिटाला 16.67 लिटर हवा. दिवसभरात 24 घनमीटर हवा जाते. हवा नेमकी मर्यादेवर असेल, तर फिल्टरचं वजन वाढतं अवघं 1.44 मिलिग्रॅम! बोट लागलं तर घामानेच आकडा बिघडेल, म्हणून चिमट्याशिवाय फिल्टर कोणी उचलायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. वजन करण्याआधी तो ठरावीक तापमानाला, कोरड्या हवेत ठेवावा लागतो. ट्रकच्या रस्त्यालगतचा फिल्टर निव्वळ काळा येतो, पाचटाच्या दिवसांतला तपकिरी झाक घेऊन येतो. त्या झाकेमागे कारण आहे. सुक्या पाल्याच्या धुरातले काही सेंद्रिय पदार्थ निळा आणि अतिनील प्रकाश जास्त शोषतात, डिझेलची काजळी सगळ्याच रंगांचा प्रकाश शोषते. अनेक तरंगलांबींवर काजळी मोजणारं यंत्र, एथॅलोमीटर, याच फरकावरून धूर कशाचा, याचा अंदाज देतं.

गावोगाव फिल्टर लावणं परवडत नाही, म्हणून लेझरचे स्वस्त सेन्सर लावतो. त्यांचं दुखणं वेगळं. कालव्याकाठच्या गावात पहाटे दव पडलं की कण ओलावा धरून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. 0.3 मायक्रॉनपेक्षा लहान कण तर त्यांना नीट दिसतच नाहीत. त्यामुळे प्रत्येक सेन्सर आधी प्रमाणित यंत्राशेजारी ठेवून, आर्द्रतेची दुरुस्ती लावूनच आम्ही बाहेर पाठवतो. ही पायरी गाळून स्वस्तात द्या, असं सांगणाऱ्यांचं काम आम्ही घेत नाही.

उपग्रहावरून आगी दिसतात, मग हे कशाला, असंही विचारतात. आगी टिपणारं व्हीआयआयआरएस हे उपकरण ज्यांवर आहे, ते उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात. आमच्याकडे बरेच जण पाचट संध्याकाळी, वारा पडल्यावर पेटवतात. एकरभराची आग तासाभरात विझते, उपग्रहाला ती दिसतच नाही. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न जाता गावावरच पसरतो. तो पकडायला यंत्र गावातच हवं.

शेतकऱ्याला दोष देणारा अहवाल आम्ही लिहीत नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं, खोडव्याची (तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाची) मशागत अडते, मजूर मिळत नाही. ज्वारीचा कडबा जपून ठेवणारा आमचा शेतकरी पाचट काही हौसेने जाळत नाही. एक आड एक सरीत पाचट दाबून, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाला कुजवणारे जिवाणू टाकले की त्याचं खत होतं, हे करून दाखवणारे लोक जिल्ह्यात आहेत. अशा शिवारांत आणि जाळणाऱ्या शिवारांत एकाच वेळी सेन्सर लावायचं काम आम्ही हाती घेतलंय. आकडे आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतील, मग बाकीच्यांकडे जातील.