कडी आतून लावून घेणारे

इंग्लंडात केअर होममध्ये किंवा गोदामात नोकरीला असलेला मुलगा फोनवर "गॅमस्टॉपला नाव घातलंय" म्हणाला, की देवगड-वेंगुर्ल्याच्या घरात काही जण म्हणतात पोरगा शहाणा झाला, काही जण म्हणतात पोरगा बुडाला. त्याने नेमकं काय केलं ते आधी बघू.

गॅमस्टॉप ही ब्रिटनमधल्या ऑनलाइन जुगाराची सामाईक बंदी-यादी. आपलं नाव आपणच घालायचं, मग ब्रिटनचा परवाना असलेल्या कुठल्याही साइटने आपल्याला खेळू द्यायचं नाही. 2018 साली ती सुरू झाली आणि 31 मार्च 2020 पासून सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना सक्तीची झाली. पैसे पडत नाहीत. मुदत 6 महिने, 1 वर्ष किंवा 5 वर्षं. तोवर हातापाया पडलात तरी नाव निघत नाही. मुदत संपल्यावरही ते आपोआप निघत नाही. स्वतः संपर्क करून सांगावं लागतं आणि वर 24 तास थांबावं लागतं. रात्री दोन वाजता हरलेला माणूस सकाळपर्यंत काय ठरवेल याचा भरवसा नसतो, म्हणून हे एवढे अडसर.

आता, नाव घातलं म्हणजे व्यसन होतं का? बहुतेक वेळा, हो. कॅनडातल्या क्यूबेकच्या कॅसिनोत स्वतःवर बंदी घालून घेणाऱ्यांना संशोधक रॉबेर लादुसर यांच्या गटाने प्रश्नावली दिली होती; 2000 साली आलेल्या त्या अभ्यासात 95 टक्के लोक गंभीर व्यसनाच्या निकषात बसले. म्हणूनच जुगार कंपन्यांकडची खाती तपासणारे संशोधक 'स्वतःहून बंदी' हीच व्यसनाची खूण धरतात. लाखो गिऱ्हाइकांना प्रत्येकी नऊ प्रश्न कोण विचारणार? (नऊ, कारण पीजीएसआय या जुगाराच्या व्यसनाच्या रूढ चाचणीत तेवढे असतात. झेपत नसताना पैसे लावले का, हरलेले परत काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलात का, उधार घेतलं का, असे. एकूण 27 गुण. 8 किंवा जास्त आले तर मामला गंभीर.)

पण ही खूण दोन्हीकडून फसवी आहे. जिंकलेले पैसे वेळेवर दिले नाहीत म्हणून रागाने खातं बंद करणारेही असतात, आणि अजून काही बिघडलेलं नसताना सावधगिरी म्हणून नाव घालणारेही. ते थोडे. दुसरी चूक मोठी: ज्यांना खरोखर त्रास आहे त्यातले बहुतेक कधीच नाव घालत नाहीत. म्हणून यादी लांबली की जुगार वाढला असं लगेच म्हणू नये, योजना जास्त लोकांना कळली एवढंही कारण पुरतं. आणि नाव नाही म्हणून आपला मुलगा सुखरूप, हे तर अजिबात धरू नये. नाव घालणं हे उशिराचं लक्षण आहे. तोवर क्रेडिट, मित्र, कधी गावची सोसायटी, सगळीकडे हात पसरून झालेले असतात.

सिंगापूरची तऱ्हा वेगळी. तिथे घरचे लोकही कॅसिनोबंदीसाठी अर्ज करू शकतात, आणि दिवाळखोर ठरलेल्यांवर ती आपसूक लागते. आपल्याकडच्या आयांना हे ऐकून बरं वाटेल. पण तिथे यादीत नाव दिसलं म्हणजे माणसाने स्वतः कबुली दिली, असं म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये आईने नाव घालायची सोय नाही.

आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावात. यादी जुळवली जाते ती नाव, जन्मतारीख, पत्ता, पोस्टकोड, ईमेल आणि मोबाइलवरून. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, जुगाराच्या खात्यात नुसतं आडनाव, कुठे सावंतचं स्पेलिंग 'व्ही'ने तर कुठे 'डब्ल्यू'ने. त्यात भाड्याची खोली वर्षात दोनदा बदललेली. तपशील जुळला नाही की दार उघडंच राहतं. म्हणून नोंदणी करताना वापरात असलेले सगळे ईमेल आणि जुने पोस्टकोडही द्यावेत, आणि घर किंवा नंबर बदलला की तो तिथे कळवावा. बंदी लागायला 24 तासांपर्यंत वेळ जातो. त्या रात्री खात्यात उरलेले पैसे काढून घ्यावेत.

तिच्या मर्यादाही ठाऊक हव्यात. रस्त्यावरची बेटिंगची दुकानं आणि कॅसिनो गॅमस्टॉपमध्ये येत नाहीत, त्यांच्या बंदी-योजना वेगळ्या. विनापरवाना परदेशी साइट तर बंदीवाल्यांनाच हेरून जाहिरात करतात. म्हणून सोबत बँकेच्या ॲपमधून जुगाराचे व्यवहार बंद करावेत. ते परत चालू करायचे तर बहुतेक बँका दोन-तीन दिवस थांबवतात. मात्र बँक ओळखते ती दुकानदाराला लावलेल्या जुगाराच्या कोडवरून. मित्राला पाठवलेले पैसे तिला दिसत नाहीत.

सगळ्यात मोठं भोक आपल्याच मुलुखातलं. भारतीय नंबरवर, व्हॉट्सॲपवरून बुकीचा 'आयडी' (म्हणजे सट्ट्याचं खातं) घेऊन क्रिकेटवर पैसे लावले, तर गॅमस्टॉपला पत्ताही नसतो. भारतात 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, पण बुकी आणि मटकेवाला मुळातच कायद्याबाहेर, मग नाव बंद करायचं कुणाकडे? सावंतवाडीहून पणजीच्या कॅसिनो बोटी दीड-दोन तासांवर. 1 फेब्रुवारी 2020 पासून तिथे गोवेकरांना मज्जाव आहे, सिंधुदुर्गातल्या माणसाला नाही.

तेव्हा मुलाने नाव घातल्याचं सांगितलं तर शाबासकी किंवा शिव्या देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: कुणाकुणाचं देणं आहे, बँकेतून बंद केलंस का, भारतातला आयडी अजून चालू आहे का. तिसऱ्याला उत्तर सहसा लांबतं. इंग्लंडात त्याला बोलायला 0808 8020 133 हा जुगारग्रस्तांच्या मदतीचा नंबर चोवीस तास फुकट आहे. गावाकडे घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 वर मराठीत बोलता येतं.