नेंटहेड : पाण्याच्या वाटेने शिशाच्या खाणी

उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रिया परगण्यात, ऑल्स्टनपासून सातेक किलोमीटरवर नेंटहेड आहे. हे गाव वसवलं लंडन लेड कंपनीने. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची ही कंपनी १८८२ साली इथून गेली. पुढे बेल्जियमच्या व्हिएय मोंताञ् कंपनीने जस्तासाठी खाणी चालवल्या. गावातली घरं झटपट पाहून घ्या आणि नेंट नदीच्या कडेने वर चालू लागा. इथलं सगळं काम पाण्यावर चालायचं, त्यामुळे पाण्याची वाट धरली की खाण आपोआप कळत जाते.

डोंगरउतारावरच्या काही खोल घळी माणसाने केलेल्या आहेत. वर मातीचा बांध घालून पाणी अडवायचं आणि बांध एकदम फोडायचा. लोंढ्याबरोबर माती गेली की खडकातली शिशाची शीर उघडी पडे. याला इथे ‘हश’ म्हणतात. नंतर आले आडवे बोगदे. दगडी कमानीच्या तोंडाकडे त्यांना अगदी थोडा उतार दिलेला असतो, म्हणजे पाणी स्वतःहून बाहेर येतं आणि भरलेली गाडी ओढताना घोड्यालाही जड जात नाही.

बाहेर दगड फोडून चाळण पाण्यात वरखाली हलवायची. गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, पाण्याच्या साडेसातपट जड. ते तळाशी बसतं आणि गारगोटी वर राहते. पुढे भट्टी. तिचा धूर डोंगरावर चढणाऱ्या लांब दगडी नळातून नेत, कारण धुरातलं शिसं थंड होऊन भिंतींवर साचे. ते खरवडून पुन्हा वितळवत. मला या जागेतली सर्वात हुशार रचना हीच वाटते. पण ते खरवडणाऱ्यांच्या फुप्फुसांचं काय झालं असेल, हा विचार तिथे टाळता येत नाही.

इथल्या स्मॉलक्लू खाणीतल्या एका प्रशस्त पोकळीत १९०१ साली ऑल्स्टनच्या फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या मंडळींनी मेजवानी केली होती. तिथे जायचं तर जाणत्या गटाबरोबरच जा. आत पाणी साचलेलं असतं, फाटे चक्रावून टाकतात आणि जुने लाकडी आधार कुजले आहेत. हेल्मेट, गमबूट, प्रत्येकाकडे दोन दिवे; शिवाय परतायची वेळ बाहेर कोणाला तरी सांगून ठेवा.

उघड्या, करड्या ढिगाऱ्यांवर बसून डबा खाऊ नका. त्या मातीत शिसं आहे, नदीत जस्त आणि कॅडमियम. सोबतच्या कुत्र्याला नदीचं पाणी पिऊ देऊ नका, मुलांचे हात घरच्या पाण्याने धुवा आणि गाडीत बसण्याआधी बूट झटका.