सकाळी बंद, दुपारी चालू : एका ईव्हीची केस

गाडी टो होऊन आली तेव्हा मालकाच्या हातात दुसऱ्या एका वर्कशॉपचा कागद होता, त्यावर लिहिलेलं की इन्सुलेशन फॉल्ट (म्हणजे हायव्होल्टेज वीज बॉडीकडे गळतेय), बॅटरी पॅक बदलावा लागेल. ईव्हीमधला सगळ्यात महाग पार्ट, आणि हे निदान फक्त स्कॅनरवर आलेला कोड वाचून केलेलं. मालक बिचारा आधीच घाबरलेला. म्हणाला, साहेब सकाळी गाडी स्टार्टच होत नाही, लाल वॉर्निंग येते, आणि दुपारी उन्हात उभी राहिली की गपगुमान चालू होते. पॅक गेलेला असता तर तो ऊन बघून बरा झाला नसता, एवढं तर तिथेच डोक्यात आलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. या गाडीत ९६ सेल सिरीजमध्ये आहेत, फुल चार्जला एका सेलचे ४.२ व्होल्ट धरले तर ४०३ व्होल्ट डीसी होतात. आणि या ४०३ व्होल्टचा प्लस पण बॉडीला जोडलेला नसतो आणि मायनस पण नसतो. १२ व्होल्टच्या बॅटरीचा मायनस बॉडीला असतो, हायव्होल्टेज मात्र पूर्ण अधांतरी. कारण काय, तर समजा एखाद्या केबलचं इन्सुलेशन गेलं आणि प्लस बॉडीला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही, कुणाला शॉक बसत नाही. धोका दुसऱ्या फॉल्टला असतो, मायनस पण कुठेतरी लागला की मग खेळ संपला. म्हणून गाडी पहिल्याच फॉल्टला ओरडते, तेव्हा अजून काहीही बिघडलेलं दिसत नसतं आणि लोकांना वाटतं सेन्सरच खोटं बोलतोय. इन्सुलेशनचा रेझिस्टन्स, म्हणजे गळतीला होणारा अडथळा, कमीत कमी किती हवा याची मर्यादा साधारण एका व्होल्टला ५०० ओहम, म्हणजे या गाडीला दोन लाख ओहम. त्या हिशोबाने कुणी हात लावलाच तरी २ मिलीअँपच्या वर करंट जाणार नाही.

गाडी मुद्दाम रात्रभर शेडमध्ये ठेवली. सकाळी चालू करायला गेलो तर लाल वॉर्निंग हजर, पण खरी मजा स्कॅनरच्या लाइव्ह डेटामध्ये होती. कॉन्टॅक्टर (पॅकला बाकी गाडीशी जोडणारे मोठे स्विच) उघडे असताना इन्सुलेशनची व्हॅल्यू एकदम छान, आणि ते बंद होऊन पॅक बाकी गाडीला जोडला गेला त्या क्षणी व्हॅल्यू धाडकन खाली, एक लाख तीस हजार ओहमच्या आसपास. म्हणजे पॅक निर्दोष, गळती पॅकच्या बाहेर. हे बघायला फार वेळ लागत नाही हो, पण बघायला पाहिजे ना.

मग रीतसर सगळं बंद. १२ व्होल्टची बॅटरी सोडवली, सर्व्हिस प्लग (पॅकचं सर्किट मध्येच तोडणारा प्लग) काढून खिशात ठेवला (दुसऱ्याने उत्साहात परत लावू नये म्हणून खिशातच), १००० व्होल्टचे ग्लोव्हज घातले आणि थांबलो. इन्व्हर्टरमधले (पॅकच्या डीसीचं मोटरसाठी एसी करणारा डबा) वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो. आमचा नवीन पोरगा चुळबुळ करत होता, म्हणला सर प्लग तर काढलाय ना आता. म्हटलं मीटर आधी चालू सोर्सवर तपास, मग इथे लाव, शून्य दिसलं की परत त्या सोर्सवर तपास, कारण बिघडलेला मीटर पण शून्यच दाखवतो.

जंक्शन बॉक्समधून एकेक शाखा सोडवत मॅन्युअलमध्ये दिलेल्या व्होल्टेजला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावत गेलो. सगळ्या शाखा पॅरललमध्ये असतात, त्यामुळे एक जरी कमजोर असली तरी टोटल तीच खाली ओढते. माझा संशय केबिन हीटरवर होता कारण तो पाण्यात असतो, पण तो ठणठणीत निघाला. इन्व्हर्टर आणि मोटर ठीक, ऑनबोर्ड चार्जर ठीक. एसी कॉम्प्रेसरला लावला आणि काटा वर जायलाच तयार नाही. आधी कुणाला पण वाटेल की आतले कपॅसिटर चार्ज होतायत, हळूहळू वर जाईल, म्हणून थांबलो, पण नाही, तिथेच अडकला.

मालकाला फोन केला, एसीचं काम कधी केलंय का? हो, कूलिंग कमी होतं म्हणून गॅस भरून घेतला, त्यांनी थोडं ऑइल पण टाकलं, म्हणाला. बस, केस उलगडली.

पेट्रोल गाडीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो, त्यात पॅग नावाचं ऑइल चालतं. ईव्हीच्या कॉम्प्रेसरमध्ये हायव्होल्टेज मोटर आतच असते आणि तिची वाइंडिंग गॅस आणि ऑइलमध्ये अक्षरशः भिजलेली असते. तिथे ज्यातून वीज वाहत नाही असं ऑइल लागतं, या गाडीत पीओई नावाचं. कोणतं टाकायचं ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं आहे, पण वाचतंय कोण, ऑइल म्हणजे ऑइल. रात्री गाडी थंड झाली की गॅस कॉम्प्रेसरमध्ये जाऊन द्रव होऊन साचतो, त्यात गॅस भरणाऱ्यांनी टाकलेलं ते पॅग मिसळलेलं, आणि वाइंडिंगपासून बॉडीपर्यंत करंटला वाट मिळते. दुपारी बॉनेट तापलं की गॅस उडून जातो आणि रीडिंग मर्यादेच्या जेमतेम वर येतं. म्हणून ते ऊन.

मालकाने विचारलं, दादा ऑइल बदलून भागणार नाही का? नाही भागत. वाइंडिंगमध्ये मुरलेलं पॅग धुऊन निघत नाही, थोडं राहिलं तरी फॉल्ट परत येतो. कॉम्प्रेसर नवीन, ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा भाग) नवीन, कंडेन्सर पण नवीन कारण त्याच्या नळ्या इतक्या बारीक असतात की आतून नीट फ्लश होत नाहीत, बाकी पाइप फ्लश केले. पीओई हवेतली ओल पटकन ओढतं म्हणून डबा अगदी शेवटी उघडला. आणि गॅसच्या मशीनचे होज वेगळे वापरले, नाहीतर आदल्या पेट्रोल गाडीचं पॅग त्यातूनच आत गेलं असतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

खर्च झालाच, पण पॅकच्या मानाने काहीच नाही. गाडी परत रात्रभर शेडमध्ये ठेवली आणि सकाळी पहिल्या झटक्यात रेडी झाली, इन्सुलेशन दोन लाखांच्या कितीतरी वर. तो पॅक बदला लिहिलेला कागद मालकाने इथेच टाकून दिलेला, पोराने उचलून विचारलं सर हा फेकू का, म्हटलं जॉबकार्डला पिन कर, खाली खरं कारण लिही.