लँकेस्टरच्या शेपटीतला माणूस

नौपाड्यातील आमच्या घरी भाच्याने लँकेस्टर या दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाची प्लास्टिकची प्रतिकृती जोडायला घेतली, तेव्हा माझे लक्ष शेपटीतील गनरच्या, म्हणजे मशीनगन चालवणाऱ्याच्या, काचेच्या कोठडीवरच खिळले. वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर अशा सात जणांपैकी हा एक मात्र गोठवणाऱ्या थंडीत, विजेवर तापणारा पोशाख घालून, सोबत्यांपासून दूर, मागे तोंड करून रात्र काढत असे. साधारणपणे ३० मोहिमांनंतर विश्रांती मिळे. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी शाखेच्या, सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. खाली जर्मन शहरांत मेलेल्यांचा हिशेब वेगळाच.

“मामा, हा उडी कशी मारायचा?” भाच्याने विचारले. पॅराशूट कोठडीत मावत नसल्यामुळे बहुधा त्याच्या पाठीमागे, विमानाच्या धडात ठेवलेले असे.