सातवी कोण?

वडिलांच्या ट्रंकेत तळाशी शाळेचा ग्रुप फोटो सापडला. जाड करडा पुठ्ठा, वर बटरपेपरचा पडदा, खाली वळणदार अक्षरांत 'खुर्चीवर बसलेले, डावीकडून'. खुर्चीवरच्या मास्तरांची नावं शाबूत होती. त्याखालचं सगळं कसरीनं खाल्लेलं. (मास्तरांना तीही भीत असावी.) पुढे मांडी घालून बसलेल्या एका मुलाच्या हातात पाटी आहे. तिच्यावर '११ वी अ, १९६' एवढंच वाचता येतं. शेवटचा आकडा त्याच्याच अंगठ्याखाली. वडील मागे बाकावर उभे, मान ताठ. विचारायला आता ते नाहीत.

शाळा पाटणची, त्यामुळे सालाचा वाद कोयनेच्या भूकंपाशीच येऊन थांबणार होता. आमच्याकडे जन्म, लग्न, विहीर, वाटणी, सगळं एकतर 'भूकंपाच्या आधी' नाहीतर 'भूकंपानंतर'. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकला, तर पहिले दोन दिवस माणसं राहिली बाजूला, चर्चा मागच्या भिंतीचीच. ती दगडमातीची भिंत भूकंपात बसली, मग पत्र्याचे वर्ग आले, यावर शेवटी एकमत झालं. म्हणजे फोटो आधीचा. कुणाच्या तरी नातवानं 'दहावीचा का नाही काढला?' असं विचारलं, तेव्हा तीन आजोबांनी मिळून त्याचा वर्ग घेतला: तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची, दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ साली झाली.

मग पोरांची पाळी आली. हा पुढं मुंबईला गिरणीत लागला, हा एस.टी.त, हा मास्तर झाला आणि आपल्याच मास्तरांसारखा कान पिळायचा. एका चेहऱ्याला तिघांनी तीन नावं दिली. चौथ्यानं 'तो मीच आहे' म्हणून निकाल लावला. एक बारका पोरगा कुणालाच आठवेना. त्याचं उत्तर थेट सोलापूरकडून आलं. त्याचं गाव कोयनेच्या धरणात गेलेलं, घरची माणसं तिकडं वसवलेली, हा एकटा मामाकडे राहून मॅट्रिक झाला होता.

आठवडाभरात पोरं संपली. उरल्या जमिनीवर बसलेल्या नऊ मुली. 'तिसरी बहुतेक डॉक्टरांची.' 'पाचवीचा भाऊ आमच्यात कबड्डी खेळायचा.' भाऊ, वडील, गल्ली, घराचा रंगसुद्धा आठवत होता. नाव विचारलं की सगळा गट गप्प. एका वर्गात वर्षं काढलेली ही माणसं. पण मुली मास्तरांच्या मागून वर्गात यायच्या आणि मास्तरांच्या मागूनच बाहेर पडायच्या. त्यांची नावं कानावर पडायची ती हजेरीला. आणि नाव आठवलं असतं तरी त्यावरून माणूस कसा शोधणार? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, की आडनावाबरोबर पहिलं नावही गेलं. मतदारयादीत, पासबुकात, लोकांच्या मोबाइलमध्ये ती बाई दुसरीच कुणीतरी.

शेवटी फोटो घेऊन आत्याकडे गेलो. ती वडिलांच्या मागे दोन वर्षं, त्याच शाळेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं छान दिसतं, म्हणून पुठ्ठा हातभर लांब धरून तिनं पाहिला. चेहऱ्यांकडे तिचं लक्षच नव्हतं. "ही साडीवाली दिसती ना, तिचं ठरलं होतं तेव्हा. या दोघींच्या रिबिनी एकाच तुकड्यातल्या." मग एकदम पुठ्ठा जवळ ओढला. "आणि हे पोलकं माझं! फोटोसाठी म्हणून मागून नेलं, आठ दिवस परत आलं नाही."

पोलक्यावरून दुसरीचं नाव निघालं. आत्यानं फोनची वही काढली. तिच्यात नावं अकारविल्हे नाहीत, गल्लीवार आहेत. चार दिवस फोन चालले. एक दुसरीचा पत्ता सांगे, दुसरी तिसरीच्या जावेचा नंबर देई. "अगं, मी वरच्या आळीतली," इथून सुरुवात, मग सांधे, शुगर, सुना, आणि अगदी शेवटी फोटो. मी पुठ्ठ्यामागे पेन्सिलीनं एकेकीची दोन दोन नावं लिहीत होतो. ती इथे देत नाही. दोघींच्या सुनांनासुद्धा सासूचं माहेरचं नाव आत्ताच कळलंय.

गाडी सातव्या मुलीपाशी अडली. आत्या मात्र ठाम होती: ही कऱ्हाडला दिलेली, हनुवटी बघ की. नंबर मिळाला, नातीच्या मोबाइलवर फोटो पाठवला, आत्यानं फोन लावून स्पीकर चालू केला.

"अगं, ही मी नव्हं," पलीकडून आवाज आला. "मी त्या दिवशी शाळेतच आले नव्हते. फोटोचे पैसे न्यायचे होते ना."

आत्या काहीच बोलली नाही. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.

"का गं," कऱ्हाडवालीनंच मग विचारलं, "आता कॉपी केवढ्याला पडती?"

सातवी कोण, ते अजून लागलेलं नाही. कॉप्या मात्र दोन काढल्या. एक कऱ्हाडला गेली, दुसरी आत्यानं ठेवून घेतली. तिचं पोलकं आहे त्यात.